इंचाला फूट

जुनं बाहुलीघर घ्यायचं मनात असेल तर रंग, छप्पर, खिडक्या नंतर बघाव्यात. आधी टेप काढून दार मोजावं. पुढचा दरवाजा साडेसहा-सात इंच भरला तर ते घर ‘इंचाला फूट’ या मापाचं. खऱ्या घरातला एक फूट तिथे एक इंच होतो, आणि खुर्च्या, पलंग, भांडी, दिवे, जे काही आपण पुढे करू किंवा घेऊ ते याच हिशेबात बसायला हवं. दार चौदा इंचांच्या आसपास असेल तर घर बार्बीसाठीचं. बार्बी साडेअकरा इंचांची असते, आणि आपल्याकडे दुकानात मिळणारं बाहुल्यांचं बहुतेक सामान तिच्याच बेताचं असतं. ही दोन मापं एका घरात मिसळली की कितीही पैसे ओता, त्याला घरपण येत नाही.

माझ्या घराचं दार पावणेसात इंच भरलं. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे पितळी नळ, सायकलच्या चेन आणि कुलपांच्या ढिगामागे ते उभं होतं. अडीच फूट रुंद, सव्वादोन फूट उंच, दुमजली. पुढे पडवी, वर तेवढाच सज्जा, दोन बाजूंना उतरतं छप्पर. दर्शनी भिंत बिजागऱ्यांवर उघडणारी, त्यातली एक बिजागरी गंजून गळलेली. छपराला निळा ऑइल पेंट असा थापलेला की खालचं काहीच दिसेना. “देवघर म्हणून घेऊन जा ताई, रंग मारला की झालं,” असं विक्रेता म्हणाला. १,५०० पासून सुरू होऊन ८०० ला सौदा ठरला. मी घरासकट ३,००० रुपयांत सगळं बसवायचं ठरवूनच गेले होते, तेव्हा हातात उरले २,२००.

घरी आणून आतून नीट पाहिलं तेव्हा त्याची किंमत कळली. हे परदेशी कारखान्यातलं घर नव्हतं. कुणा सुताराने चहाच्या खोक्याच्या प्लायचं, कडेला सागवानी पट्ट्या लावून केलेलं होतं. माळ्याच्या फळीवर खोक्यावरची काळी छापील अक्षरं अजून अर्धवट वाचता येत होती. खालच्या मजल्याची उंची दहा इंच, म्हणजे जुन्या बंगल्यात असते तशी दहा फूट. जिन्याची प्रत्येक पायरी दीड सेंटिमीटर, म्हणजे खरी सात इंचांची. त्या माणसाने खरं घर मोजून हे केलं होतं. डेक्कन जिमखाना, प्रभात रोड या भागांत असे पडवी-सज्जाचे बंगले होते, त्यांतले काही अजूनही आहेत. तिथेच माझं ठरलं: या घराला विलायती करायचं नाही आणि वाडाही करायचं नाही. सुताराने जसा पुण्यातला बंगला बांधला तसाच तो पुन्हा उभा करायचा.

पैसे आणि वेळ आधी न दिसणाऱ्या कामावर घालवावे लागतात. सगळ्यांना रंगाची घाई असते, माझ्या पुतणीलाही होती. पण मागच्या भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. ती जुनी की नवी, हे कळायला घराखाली काळा कागद अंथरून ठेवला. सकाळी त्यावर पिठासारखा बारीक भुसा पडलेला. म्हणजे कीड जिवंत. वाळवी-किडीचं तयार औषध हार्डवेअरच्या दुकानात लहान बाटलीत मिळतं. हातमोजे घालून, गॅलरीत बसून, प्रत्येक भोकात सिरिंजने ते सोडलं आणि अख्खं घर प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधून ठेवलं. पुतणीला त्या दिवसांत गॅलरीत बंदी. नंतर बरेच दिवस उन्हात. पुन्हा काळा कागद घातला, तो कोरा राहिला, तेव्हाच घर आत आलं.

एका बाजूच्या भिंतीच्या प्लायचे पापुद्रे सुटले होते. प्लाय म्हणजे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले. ओल लागली की आधी डिंक सुटतो, लाकूड शाबूत राहतं. त्यामुळे असा फुगवटा दिसला म्हणून भिंत बदलू नये. फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ केलं, जाड सुईच्या सिरिंजने थरांत भरलं, दोन्ही बाजूंना मेणकागद आणि वर पाटा ठेवला. आईचा पाटा-वरवंटा स्वयंपाकघरातून निवृत्त झाला आहे, पण असल्या दाबाला त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही. दुसऱ्या दिवशी भिंत सपाट. मात्र घर प्लायऐवजी एमडीएफचं असतं तर हा उपाय चालला नसता. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकात दाबून केलेला तक्ता. तो फुगला की पुन्हा बसत नाही, तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. जुनं घर घेताना खालच्या कडेवरून बोट फिरवावं. एमडीएफची कड फुगून भुसभुशीत झालेली लागली तर भावात तेवढं कमी करून घ्यावं.

निळ्या ऑइल पेंटबद्दल गंभीरपणे सांगायला हवं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि तीच मुलांच्या पोटात जाते. म्हणून मी पाणी लावून, पाण्यात चालणाऱ्या काळ्या पॉलिश पेपरने घासलं. प्लायला फार ओल सोसत नाही, त्यामुळे एका वेळी तळहाताएवढाच भाग, लगेच पुसायचा. तोंडाला मास्क, खाली वर्तमानपत्र, आणि निघालेला सगळा चिखल त्याच कागदात गुंडाळून बाहेर. कंटाळवाणं काम आहे. मुलांच्या हातात जाणार असलेल्या वस्तूला ते टाळता येत नाही. जिथे रंग घट्ट होता तिथे तो तसाच ठेवून वर प्रायमर मारला. सुटा रंगच खरा धोक्याचा.

प्रायमर, मग भेगांत लांबी (पुट्टी), मग बारीक पॉलिश पेपर, मग पुन्हा प्रायमर. या चार कामांबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, पण ती झाली की घर एकदम नवं दिसायला लागतं आणि पुढच्या कामाला हुरूप येतो.

छप्पर हा माझा सगळ्यात लाडका भाग. अशा बंगल्यांवर मंगलोरी कौलं असायची. बासेल मिशनने मंगलोरला १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला आणि ही कौलं पश्चिम किनाऱ्यावरून सगळीकडे पसरली. खरं कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि २३-२४ सेंटिमीटर रुंद. बाराने भागलं की साडेतीन सेंटिमीटरला थोडं कमी लांब, दोन सेंटिमीटर रुंद. हे आकडे हातात आल्यावर साहित्य आपोआप सुचतं. वाण्याकडचं रिकामं खोकं आणलं, त्याच्या एका बाजूचा कागद ओलसर करून सोलला, की आतली नागमोडी घडी उघडी पडते. माझ्या खोक्यातल्या दोन लाटांमधलं अंतर सहा-साडेसहा मिलिमीटर होतं, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या कौलात तीन लाटा. मंगलोरी कौलाच्या पन्हळी लांबून तशाच दिसतात.

खोकं वाळल्यावर ३४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला दर दोन सेंटिमीटरला कात्रीने छोटी चीर दिली आणि त्या चिरांच्या कडा नखाने जराशा खालीवर केल्या, कारण खऱ्या छपरावर कौलं कधी एका रेषेत नसतात. पट्ट्या वळचणीकडून लावायला सुरुवात करायची आणि वर आढ्याकडे जायचं. पाणी वरून खाली येतं, म्हणून वरची ओळ खालच्या ओळीवर चढली पाहिजे. दर ओळीत २७ मिलिमीटर दिसू दिलं, बाकीचं झाकलं. आढ्यावर अर्धगोल कौलांसाठी कागदी नळी उभी चिरून बसवली.

रंगाला गेरू. कुंड्यांना आणि रांगोळीसाठी घेतो तोच, वीस रुपयांचा. नुसता गेरू हाताला लागतो, म्हणून पाण्यात फेविकॉल घालून त्यात कालवला. कापलेल्या पुठ्ठ्यावर तो जसा बसला तसा ऑइल पेंट कधीच बसला नसता: कोरडा, मळकट, भाजलेल्या मातीसारखा. पहिला हात वाळल्यावर त्याच गेरूत चिमूटभर काजळी घालून आढ्याजवळची आणि वळचणीची कौलं काळवंडवली. पावसाळे झेललेली कौलं तिथेच आधी काळी पडतात. एक दिवस दुपारी मी खिडकीच्या उजेडात ते छप्पर बघत बसले होते आणि त्या काळसर ओळींमुळे घराला एकदम वय आलं.

खिडक्यांना गज हवेत. खरा गज अर्ध्या-पाऊण इंचाचा, म्हणजे इथे साधारण एक ते दीड मिलिमीटरचा. लोखंडी तार वाकडी होते, सरळ करताना जीव जातो. आमच्या देवघरात जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या बांबूच्या काड्या मात्र अगदी तेवढ्याच जाडीच्या आणि सरळ. त्या धुऊन, काळ्या रंगात बुडवून, चौकटीत आडव्या बसवल्या. काचेऐवजी जुन्या फायलीच्या पारदर्शक कव्हराचे तुकडे. शून्य खर्च.

जमिनींना प्रत्येक खोलीत वेगळं काम केलं, कारण त्या काळच्या घरात तसंच असायचं. पडवीत शहाबादी: दोन फुटी फरशी म्हणजे दोन इंचांचे जाड पुठ्ठ्याचे चौकोन, करडा रंग, वर पातळ काळ्या पाण्याचा एक हात आणि लगेच पुसून घेतलेला. बाहेरच्या खोलीत नक्षीदार सिमेंट टाइल. खरी आठ इंची, म्हणून इथे सतरा मिलिमीटर. आईच्या माहेरच्या घराच्या जमिनीचा जुना फोटो होता, त्यातली एक टाइल वेगळी काढून, लहान करून, शेजारी शेजारी मांडून रंगीत प्रिंट घेतली आणि वर पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन हात. स्वयंपाकघरात लाल कोबा: रेड ऑक्साइड, आणि वाळल्यावर मेणबत्ती घासून सुती कापडाने चकाकी.

वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट घेतलं, साठ रुपये. काडी एक सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे इंचाला फूट या मापात पावणेपाच इंचांची फळी. जमिनीला एकदम रास्त. गोल टोकं कापायला आजीचा अडकित्ता वापरला. कात्रीने काडी चिरते, कटरने बोट जायची भीती असते. अडकित्त्यात ती एका दाबात तुटते, मग टोक पॉलिश पेपरवर दोनदा ओढायचं. लावताना सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. रंगासाठी आधी काळ्या चहाचा कडक काढा फिरवला. वेगळ्या बाटलीत व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या लोखंडी घासणीचा तुकडा काही दिवस भिजत ठेवला होता, त्याचं पाणी वरून फिरवलं. चहातलं टॅनिन आणि व्हिनेगरमध्ये उतरलेलं लोखंड एकत्र आलं की लाकूड डोळ्यांदेखत करडं-काळसर होतं. प्रत्येक काडी वेगळी छटा घेते. हे बघायला पुतणी समोर बसली होती आणि तिने उरलेल्या सगळ्या काड्या त्या पाण्यात बुडवून संपवल्या.

आता सामान. इथेच लोकांचं बजेट कोसळतं, कारण इंचाला फूट मापाची तयार खुर्ची परदेशातून मागवली तर एकेका नगाला माझ्या अख्ख्या घराएवढे पैसे पडू शकतात. या छंदाचा इतिहासही श्रीमंतांचाच आहे. ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं सतराव्या शतकाच्या अखेरचं बाहुलीघर आहे. त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी कालव्याकाठचं खरं घर आलं असतं. नवी दिल्लीचा आराखडा करणारे एडविन लट्यन्स यांनी राणी मेरीसाठी केलेलं घर १९२४ मध्ये पूर्ण झालं, ते विंडसरच्या राजवाड्यात आहे. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं. तेही इंचाला फूटच. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच घेतलं: त्यांनी माप सोडलं नाही. पैसे त्यांचे, माप मात्र कुणालाही फुकट.

म्हणून मी वस्तूंची यादी केली नाही, आकड्यांची केली. खुर्चीची बैठक पावणेचार सेंटिमीटर उंच. टेबल सव्वासहा. ओटा सात. पलंग सहा इंच बाय तीन. ताट अडीच सेंटिमीटर. ही चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि घरातले खण, शिवणाचा डबा, भंगार, सगळीकडे फूटपट्टी घेऊन फिरले. तेव्हा एकेक वस्तू आपलं खरं काम सांगायला लागली. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्म रोलची काळी डबी पाच सेंटिमीटर उंच आणि तीन सेंटिमीटर रुंद: गॅसचा सिलिंडर थोडाफार तेवढाच भरतो. लाल रंग दिला, वर जुन्या पेनाचं टोपण कापून कडं केलं. ड्रॉइंग पिनचं डोकं म्हणजे पितळी वाटी. पांढरा मणी आणि त्यावर तपकिरी मणी म्हणजे लोणच्याची बरणी. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याचा पत्रा गोल कापून चमच्याच्या पाठीवर दाबला की ताट.

भातुकलीच्या भांड्यांनी मला सगळ्यात मोठा आनंद दिला. तुळशीबागेत पितळी भातुकली मिळते, माझ्या लहानपणीचीही थोडी होती. ती सरळ उचलून मांडली तर राक्षसाचं स्वयंपाकघर होईल, कारण भातुकली हातात मावण्यासाठी असते, प्रमाणासाठी नाही. पण फूटपट्टी लावली आणि प्रत्येक भांड्याचा हुद्दा बदलला. इंचभर उंचीचा तांब्या इथे फूटभर उंचीची घागर. भातुकलीतली वाटी म्हणजे न्हाणीघरातलं घंगाळ. पळी ठेवायचं पंचपात्र म्हणजे पाण्याचं पिंप. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमधलं जातं दीड इंच व्यासाचं निघालं, ते मात्र जात्याचं जातंच राहिलं. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर मिळून एक रुपया न खर्च करता भरलं.

कपाटाशिवाय त्या काळचं घर नाही, आणि कपाट म्हणजे गोदरेजचं. ते साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद असतं, म्हणजे साडेसहा इंच बाय तीन. जाड पुठ्ठा, करडा-हिरवा रंग, स्टेपलरच्या पिनची मूठ, आतल्या दाराला आरशासाठी कपड्यावर लावतात तसा आभला. घराचा काळ मी १९७५ च्या आसपासचा धरला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, तरी या घरात टीव्ही नको असं आईचं ठाम मत. “आमच्याकडे रेडिओ होता. टीव्ही बघायला शेजारी जायचो,” ती म्हणाली. मग काडेपेटीच्या कव्हराचा रेडिओ झाला. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीवर नखाएवढं कॅलेंडर बिनदिक्कत लागलं.

आई म्हणाली, “पडवीत झोपाळा नसेल तर पडवी कशाला?” पाच इंच बाय दोन इंचांची फळी जुन्या खणाच्या सागवानी तुकड्यातून कापली, रविवार पेठेत मण्यांच्या दुकानातून बारीक कड्यांची पितळी रंगाची साखळी आणली, वर छोटे आकडे मारले. टांगला, तर झोपाळा तिरका, साखळ्या वेड्यावाकड्या. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लांबी बाराने कमी होते, पण क्षेत्रफळ १४४ ने आणि वजन १,७२८ ने. वीस किलोची खरी फळी इथे बारा ग्रॅमच्या आत येते. तेवढ्या वजनाने साखळी ताणलीच जात नाही. तिच्या कड्या एकमेकींत अडकून राहतात. फळीच्या खालून दोन लोखंडी वॉशर चिकटवले आणि साखळ्या तीरासारख्या सरळ झाल्या. आता बोटाने ढकललं की झोपाळा खऱ्यासारखा झुलतो. खऱ्यापेक्षा भरभर झुलतो, कारण झोक्याची गती साखळीच्या लांबीवर असते.

कापडाचं तेच. साडीचा तुकडा कापून पलंगावर टाकला तर तो ताठ उभा राहतो, पुठ्ठ्याच्या तुकड्यासारखा. धागा तेवढाच जाड, वजन मात्र काहीच नाही, मग ते पडणार कसं? पडदे, पलंगपोस, दांडीवरचं वाळत घातलेलं लुगडं, सगळ्याला युक्ती एकच. जितकी जुनी आणि विरलेली सुती साडी मिळेल तितकी चांगली. तिला पातळ खळीत बुडवायचं, थर्माकोलवर हव्या त्या चुण्या टाचण्यांनी पक्क्या करायच्या आणि वाळल्यावर टाचण्या काढायच्या. नक्षीलाही माप असतं. इथे दोन इंचांचं फूल म्हणजे दोन फुटांचं फूल. म्हणून खणाचं कापड कामी आलं, त्याची बुट्टी मुळातच बारीक असते. एका खणाच्या कात्रणात बैठकीचे लोड, तक्के आणि दाराचा पडदा निघाला.

गोधडी मी स्वतः शिवली आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मलमलचे दोन थर, मध्ये काही नाही, कारण दोन थरच इथे जाड गादीएवढे होतात. वर अर्ध्या इंचाचे चौकोनी तुकडे. धावदोऱ्याचा टाका मिलिमीटरभराचा धरावा लागतो. त्याहून मोठा झाला की वीतभर टाके घातल्यासारखं दिसतं. एकपदरी धागा, सर्वांत बारीक सुई, आणि दिवसाउजेडीच काम.

दिव्यांसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. तीन व्होल्टवर चालणारी पिवळसर उजेडाची एलईडी माळ, वर दोन पेन्सिल सेलची स्क्रूवाली डबी, मिळून १८० रुपये. चपट्या गोल बटण सेलवरची माळ स्वस्त होती, मी ती घेतली नाही आणि मुलं असलेल्या घरात कुणीच घेऊ नये. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, आणि ते तासा-दोन तासांत होतं. वायर छताच्या सागवानी पट्टीमागून नेली, प्रत्येक खोलीत एक दिवा काढला, शेडला अर्धा कापलेला पांढरा मणी. जास्तीच्या दिव्यांना काळी टेप. चार दिवे पुरे. त्या काळी घरात उजेड कमीच असायचा.

शेवटचा हिशेब असा: घर ८००, रिक्षा १५०, कीडनाशक, लांबी, प्रायमर आणि पॉलिश पेपर मिळून ६२०, फेविकॉल १६०, रंग आणि वॉर्निश ४१०, बिजागऱ्या आणि आकडे ९०, काड्या ६०, गेरू २०, साखळी ७०, दिवे १८०, प्रिंट ४०. एकूण २,६००. यातले सहाशेच्या वर कुणाला न दिसणाऱ्या दुरुस्तीत गेले आणि मला ते सगळ्यात सत्कारणी लागलेले वाटतात. माळ्याची फळी मी रंगवली नाही. चहाच्या खोक्याची ती अक्षरं तशीच आहेत, छपराचा मागचा भाग उचलला की दिसतात.

उरलेले ४०० बंबासाठी राखून ठेवले आहेत. न्हाणीघरात घंगाळ आहे, पण पाणी तापवायला तांब्याचा बंब नाही, आणि रंगवलेल्या पुठ्ठ्याचा मला करायचा नाही. खरा बंब साधारण दोन फूट उंच, म्हणजे दोन इंच. कसबा पेठेत तांबट आळीत चौकशी केली, तिथल्या एका काकांनी पत्र्याचं कात्रण दाखवलं आणि म्हणाले, “एवढ्याला ठोका बसणार नाही ताई, नळीच घ्या.” एसीच्या कामात वापरतात त्या तांब्याच्या नळीचा जाड तुकडा शोधते आहे, सव्वा इंच व्यासाचा. मधली धुराची नळी रिफिलच्या जाडीची लागेल, तोटीसाठी कानातल्याचा मळसूत्री फिरकी दट्ट्या आईने आधीच काढून ठेवला आहे.